लाल बटण दाबलं म्हणजे मशीनची लाईट गेली? नाही हो!

कित्येक वर्षं ऐकतोय, इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम बटण दाबलं की मशीन पूर्ण डेड, आता खुशाल पॅनल उघडा. हे साफ चुकीचं आहे. बटण कितीही हेवी ड्युटी असलं तरी त्यातून सहसा मोटरचा करंट जातच नाही, त्याचा एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट कंट्रोल सर्किटमध्ये असतो, तो उघडला की कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची, कॉइल सुटते आणि मोटर थांबते, एवढंच. कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच बसलेले असतात! आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारं युनिट) असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही काही मिनिटं साडेपाचशे व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतं, हवेचं प्रेशर आणि वर उचललेला लोड वेगळाच. एनसी का, तर वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून, हे मात्र झकास डोकं आहे.

दुसरं, बटण फिरवून सोडलं की मशीन आपोआप चालू व्हायला नको, इमर्जन्सी स्टॉपचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ १३८५० तेच सांगतं, स्टार्ट वेगळं दाबावं लागतं. तुमचं लगेच चालू होत असेल तर वायरिंग चुकलंय.

हात घालायचाय? आयसोलेटर (मेन वीज तोडणारा स्विच) बंद, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, मग मीटरने चेक.