जीप घरी उघडता येते, त्यामागची गोष्ट

पावसाळ्यात मावळातल्या किंवा कोकणातल्या चिखलवाटांवर जुन्या महिंद्रा जीप घेऊन जाणारी मंडळी पाटे (लीफ स्प्रिंग) बदलतात, ब्रेक उघडतात, वेळ पडली तर गिअरबॉक्सही खाली घेतात. ही निव्वळ हौस आहे असं बघणाऱ्याला वाटतं. हौस आहेच, पण ही सवय त्या गाडीच्या जन्मापासून तिच्याबरोबर चालत आली आहे.

१९४० साली अमेरिकी सैन्याला चारही चाकांना जोर मिळणारी हलकी टेहळणी गाडी हवी होती. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायची अट होती. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टच्या आराखड्यावरून तो बांधला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी हजर केला. पण बँटमला एवढं मोठं उत्पादन झेपेल असं सैन्याला वाटेना. आराखडे विलीज आणि फोर्डलाही दाखवले गेले, आणि शेवटी ६० अश्वशक्तीच्या दमदार इंजिनामुळे विलीजची रचना पक्की ठरली. फोर्डनेही तीच गाडी बांधायची, असं ठरलं. दोघांनी मिळून सव्वासहा लाखांहून जास्त जीप काढल्या.

पुढच्या सगळ्या इतिहासाचं मूळ यातल्या एका अटीत आहे: एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीत बसलाच पाहिजे. फोर्डने आपल्या बोल्टांवरही 'एफ' अक्षर ठोकलं, पण मापं तीच ठेवली. आजही जुनी जीप ओळखताना जाणकार पुढे वाकून चासीचा आडवा दांडा बघतात. गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी घडीचा असेल तर फोर्ड. मात्र बहुतेक जीपमध्ये दोन्हींचे भाग मिसळलेले सापडतात, कारण रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करणं हे रोजचं काम होतं. तेलपाणी, ग्रीस, नटबोल्ट आवळणं ही तर चालकाचीच जबाबदारी असे. जीप सैनिकाच्या हातांनी, साध्या पान्यांनी उघडावी म्हणूनच तशी घडली होती.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या वापरलेल्या जीप लिलावात निघाल्या. २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू झाली. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास विलीजच्या जीप सुट्या भागांत आणून माझगावला जोडायचं काम हाती घेतलं गेलं. पुढे सीजे-३बी आली. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, वर हेडमध्ये गेल्याने इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडे 'जीप' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हेच उंच नाक. अमेरिकेत हे मॉडेल बंद झालं, पण इथे त्याच घराण्याच्या गाड्या कितीतरी दशकं निघत राहिल्या. म्हणून तीस वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन जीपचे कितीतरी भाग आजही एकमेकींना चालतात. घरी काम करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने पुढचा धक्का दिला. पेट्रोल महागलं आणि पेट्रोल पिणारी जीप दारात उभी ठेवणंही जड झालं. लोकांनी त्यात डिझेल इंजिनं बसवायला सुरुवात केली. वाचायला सोपं वाटतं, पण त्यात इंजिनाचे नवे माउंटिंग, जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनाला जोडणारी लेथवर कातलेली प्लेट, मोठा रेडिएटर, बदललेला क्लच असं सगळं यायचं. वर ५.३८ चा डिफरन्शियल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. पेट्रोलला तो शोभायचा, पण कमी फेऱ्यांवर चालणारं डिझेल इंजिन पन्नास-साठच्या वेगालाच किंचाळायला लागे. मग क्राउन-पिनिअन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी जोडी, बदलणं आलं. माझ्या मते आपल्याकडचं खरं 'मॉडिफिकेशन' इथून सुरू झालं, आणि तेही दिखाव्यासाठी झालेलं नाही, गरजेपोटी झालं. १९७९ मध्ये महिंद्राने प्यूजोकडून २११२ सीसी डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि या अदलाबदलीला अस्सल, सहज मिळणारं इंजिन लाभलं.

दुसरी शाळा वडापची, म्हणजे भरतील तेवढे प्रवासी घेऊन धावणाऱ्या जीपची. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वडाप जीपनी आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्यांनी क्षमतेच्या दुप्पट माणसं वाहिली. मागचे पाटे बसले की मिस्त्री पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल करून एक जादा पाटा चढवायचा. ऑफ-रोडवाले आज गाडी उंच करायला पहिल्यांदा हेच करतात.

त्यापुढची पायरी म्हणजे स्प्रिंग-ओव्हर. मूळ जीपचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. पाट्यांच्या बैठका कापून ॲक्सलच्या वर वेल्ड केल्या आणि पाटे ॲक्सलवर आणले की गाडी चार-पाच इंच उचलली जाते. वेल्डिंग एका दिवसात होतं, खरं काम नंतर सुरू होतं. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यातले क्रॉस झिजायला लागतात. स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारा दांडा (ड्रॅग लिंक) तिरका झाल्याने खड्ड्यात गाडी एका बाजूला ओढते. चाक पूर्ण खाली लोंबलं की ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणतो, आणि तो तुटला तर ब्रेक गेलेच. नुसती उंची वाढवून या तीन गोष्टी सोडून देणाऱ्याने गाडी सुधारली, असं मी म्हणणार नाही.

२०१४ मध्ये गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती सुरू झाली. विंच (गाडी ओढून काढणारा दोराचा रहाट) आणि स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) लावलेल्या, घरी नाहीतर ओळखीच्या गॅरेजमध्ये घडलेल्या गाड्यांना ऐन पावसात कसोटीचं मैदान मिळालं.

दरम्यान गाडीच बदलत होती. २०१० च्या थारमध्ये कॉमन-रेल (एकाच नळीत प्रचंड दाबाने डिझेल साठवणारं) इंजिन आणि पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार आले. २०२० ची थार तर मागेपुढे कॉइल स्प्रिंगवर उभी आहे. जुन्या जीपने 'एअर घेतली', म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर काय करायचं, ते पोरगंही शिकतं: ब्लीड स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. कॉमन-रेलमध्ये हजार बारहून अधिक दाब असतो. चालू इंजिनावर तिथली नळी सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे पान्याआधी स्कॅनर लागतो.

कायद्याची बाजूही घट्ट झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. ब्रेक, स्टिअरिंग, चासी यांबाबत ही कडक भूमिका मला रास्त वाटते. तुटलेला पाटा बदलणं, सील टाकणं, ब्रेक ओव्हरहॉल करणं यांसारख्या मूळ मापाच्या दुरुस्तीला मात्र त्याची आडकाठी नाही.

अडचण होते ती सत्तर-ऐंशीच्या दशकात डिझेल झालेल्या जीपची. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते, आणि आरसीवर 'पेट्रोल' असून बॉनेटखाली प्यूजो निघालं तर काम तिथेच अडतं. जुनी जीप घेणार असाल तर टपाचा रंग नंतर बघा, आधी आरसीवरचं इंधन आणि इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून घ्या.