रीस्टार्टची इनपुट फाइल अशी का असते?

रिझर्व्हॉयर सिम्युलेशनचा, म्हणजे जमिनीखालच्या तेल-वायूच्या साठ्यातला प्रवाह संगणकावर मांडण्याचा, रन एक्लिप्स या सिम्युलेटरमध्ये मध्येच पुढे चालू करायचा असेल, तर नव्या माणसाला सहसा इतकंच सांगितलं जातं: जुनी डेटा फाइल कॉपी कर, सोल्यूशन विभागातलं (सुरुवातीची स्थिती देणारा भाग) इक्विल (ती स्थिती समतोलातून काढणारी आज्ञा) काढ, तिथे रीस्टार्ट लिही, शेड्यूलच्या (विहिरींच्या तारीखवार आज्ञांचा भाग) सुरुवातीला स्किपरेस्ट टाक आणि रन सोड. रन चालतोही. पण मग ग्रिड (साठ्याची सेलमध्ये विभागलेली जाळी) आणि प्रॉप्स (खडक आणि द्रवांचे गुणधर्म) पुन्हा का द्यायचे? जो काळ होऊन गेला त्याच्या सगळ्या तारखा शेड्यूलमध्ये कशाला ठेवायच्या? ही रचना कुठून आली ते पाहिलं की या प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि कुठल्या ओळीला हात लावायचा नाही हेही कळतं.

1955 मध्ये पीसमन आणि रॅचफर्ड यांनी हंबल ऑइलमध्ये काम करताना आलटून-पालटून दिशा सोडवण्याची पद्धत मांडली आणि द्विमितीय प्रवाहाचं गणित संगणकाच्या आवाक्यात आलं. त्या काळची यंत्रं मंद होती, वारंवार बंद पडत आणि त्यांचा वेळ महाग होता. लांबलचक काम अर्ध्यात तुटणं ही सगळ्याच गणनांची डोकेदुखी होती. म्हणूनच आयबीएमच्या ओएस/360 प्रणालीत चेकपॉइंटची सोय आली: चालू कामाची मेमरी टेपवर किंवा डिस्कवर उतरवून ठेवायची आणि यंत्र बसलं तर तिथून पुढे जायचं. चेकपॉइंट किती वेळाने घ्यावा यावर जॉन यंग यांनी 1974 मध्ये एक सुटसुटीत सूत्र दिलं. एक चेकपॉइंट लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. मोठ्या क्लस्टरवर काम करणारे आजही तिथूनच सुरुवात करतात.

चेकपॉइंटला आतलं भौतिकशास्त्र कळत नाही. जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच त्याचं काम. रिझर्व्हॉयर इंजिनिअरांना मात्र यापलीकडचं काहीतरी हवं होतं आणि ते शक्यही होतं. वस्तुमान अक्षय्यतेचं समीकरण काळाच्या बाबतीत पहिल्या कोटीचं असतं, म्हणून पुढचं पाऊल टाकायला या क्षणाची स्थिती पुरते. प्रत्येक सेलमधला दाब, पाण्याची आणि वायूची सॅच्युरेशन (खडकाच्या पोकळीतला त्यांचा वाटा), तेलात विरघळलेला वायू, विहिरींची अवस्था एवढं हाती असलं की मागचा प्रवास नसला तरी चालतं. हिस्टेरिसिस वापरलं असेल तर मात्र आजवर गाठलेली टोकाची सॅच्युरेशनही जपून ठेवावी लागतात, कारण तिथे खडकाला मागचं आठवत असतं.

1980 च्या दशकात ब्रिटनमधल्या ईसीएल कंपनीत एक्लिप्स तयार झाला आणि त्यात या दोन्ही वाटा शेजारी-शेजारी आल्या. सेव्ह आणि लोड ही जोडी चेकपॉइंटच्या घराण्यातली. रनस्पेक (मॉडेलची मूलभूत माहिती), ग्रिड, प्रॉप्स हे सगळं आधीच प्रक्रिया होऊन सेव्ह फाइलमध्ये असतं, म्हणून रन लगेच उभा राहतो, पण मॉडेलमध्ये बदल करता येत नाही. तिचं नावच फास्ट रीस्टार्ट. दुसरी वाट फ्लेक्सिबल रीस्टार्टची. इथे फाइलमध्ये मुख्यतः बदलती स्थिती असते आणि खडक, द्रव, ग्रिड ही सगळी माहिती डेकमधून, म्हणजे इनपुट फाइलमधून, नव्याने वाचली जाते. ग्रिड आणि प्रॉप्स पुन्हा का द्यायचे, याचं उत्तर हे. यात धोकाही आहे. पर्मिएबिलिटी (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते) बदलून रीस्टार्ट केला तर रन बहुधा तक्रार न करता पुढे जाईल, पण सुरुवातीची सॅच्युरेशन जुन्या खडकातून आलेली आणि पुढचा प्रवाह नव्या खडकातला, अशी विसंगती निकालात राहील. माझं मत स्पष्ट आहे: भूगर्भीय मॉडेल बदललं की रन शून्यापासूनच सोडावा.

स्किपरेस्टचं मूळही याच विभागणीत आहे. रीस्टार्टच्या तारखेपर्यंतच्या शेड्यूलमधल्या आज्ञा तो ओलांडून जातो, पण ज्या गोष्टी फाइलमध्ये साठवलेल्या नसतात त्या वाचतो. याचं ठळक उदाहरण म्हणजे विहिरीच्या नळीतल्या दाबाची व्हीएफपी कोष्टकं. जुन्या ओळी निरुपयोगी समजून खोडल्या तर ही कोष्टकंही त्यांच्याबरोबर जातात. रनस्पेकमधली स्टार्ट तारीखही हलवायची नाही, कारण काळाची मोजणी तिथूनच होते. रीस्टार्टपुढे जो क्रमांक लिहितो तो रिपोर्ट स्टेपचा (शेड्यूलमधल्या तारखेचा) असतो, टाइम स्टेपचा (सिम्युलेटरच्या आतल्या छोट्या पावलाचा) नव्हे. मूळ रनमध्ये आधीच्या काळात एखादी तारीख वाढवली की त्यापुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकतात. ही चूक पकडणं फार कठीण जातं, कारण रन वेगळ्या दिवशी सुरू होऊनही व्यवस्थित चालतो.

फाइल उघडून पाहिली तर आतली मांडणी फोरट्रानच्या काळातली दिसते. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आठ अक्षरांचं नाव, मग घटकांची संख्या, मग प्रकाराची चार अक्षरं. दाब आणि सॅच्युरेशन सहसा चार बाइटच्या आकड्यांत असतात, म्हणजे साधारण सात सार्थ अंक. सिम्युलेटर आत याहून बारीक हिशेब करत असल्याने सलग चाललेला रन आणि रीस्टार्ट केलेला रन शेवटच्या अंकापर्यंत जुळत नाहीत. थोडा फरक स्वाभाविक आहे. दोन आलेख उघड फाकले तर मात्र डेक तपासावा. समरी फाइलमध्ये (आलेखांसाठीच्या आकड्यांच्या फाइलमध्ये) मूळ रनचं नाव आठ अक्षरांच्या नऊ तुकड्यांत, म्हणजे 72 अक्षरांत ठेवलेलं असतं आणि त्याच्या आधारे आलेख काढणारी साधनं जुना आणि नवा रन जोडतात. खोल फोल्डरांच्या लांबलचक पत्त्यांवर हा सांधा तुटतो तो यामुळे.

दरम्यान रीस्टार्टचा उपयोगही बदलला. एसपीई या पेट्रोलियम इंजिनिअरांच्या संस्थेच्या, सिम्युलेटरांची तुलना करणाऱ्या 1981 च्या पहिल्या प्रश्नात 300 सेल होते, तर 2001 च्या दहाव्या प्रश्नात 11,22,000. यंत्रं सुधारली, पण मॉडेलंही वाढत गेली. आज रीस्टार्ट मुख्यतः भाकितासाठी वापरला जातो: हिस्टरी मॅच (आजवरच्या प्रत्यक्ष उत्पादनाशी जुळवलेला रन) एकदा चालवायचा आणि त्याच्या शेवटच्या तारखेपासून नव्या विहिरी, पाण्याचं इंजेक्शन, वेगवेगळ्या मर्यादा असे फाटे फोडायचे. त्यासाठी मूळ रन सोडण्याआधीच आरपीटीआरएसटी या आज्ञेत कुठल्या तारखांना रीस्टार्टची नोंद हवी ते ठरवावं लागतं. तिथे बेसिक 2 दिलं तर प्रत्येक रिपोर्ट स्टेपला नोंद होते आणि डिस्क भराभर भरते. नोंद केलेलीच नाही अशा तारखेवरून मात्र कुठलाच रीस्टार्ट होत नाही.

मुक्त स्रोतातला ओपीएम फ्लो हा सिम्युलेटर रीस्टार्ट फाइलचा हाच साचा वाचतो आणि लिहितो. शिवाय सिम्युलेटरची अंतर्गत स्थिती एचडीएफ5 फाइलमध्ये उतरवून तिथून पुढे जाण्याची सोयही त्यात आहे. तुटलेला रन तसाच पुढे न्यायचा असेल तर ही दुसरी सोय वापरावी. भाकिताचे फाटे फोडायचे असतील तर जुनाच साचा बरा, कारण डेक नव्याने वाचला जातो आणि पुढचं शेड्यूल मोकळेपणाने बदलता येतं.