तालिबानचा तराणा आणि आपला तराणा

‘तालिबाननं संगीतावर बंदी घातली म्हणता, मग त्यांच्याच गाड्यांतून तराणे कसे वाजतात?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदा बसून लिहूनच टाकते. पाठोपाठ ‘म्हणजे बंदी नावापुरतीच’ हा निष्कर्ष येतो, आणि तो मला फार लागतो.

आपल्या शास्त्रीय गायनातल्या तराण्याबद्दल काय सांगायचं? दीर दीर तननन असे बिनअर्थाचे बोल, जोडीला तबला, चढती लय. गायिका मालिनी राजूरकरांचा तराणा ऐकलेल्याला व्याख्या लागत नाही.

तराना हा मूळ फारसी शब्द, अर्थ साधा: गाणं. तालिबानच्या तराण्यात पश्तो काव्य असतं, लढाईचं आणि हुतात्म्यांचं. आवाज पुरुषांचे. चाली पुष्कळदा पश्तून लोकगीतांच्या, आवाजाला भरपूर एको दिलेला. वाद्य मात्र एकही नाही. आपल्या कानांना ते सरळसरळ गाणं वाटतं, पण त्यांच्या लेखी ते संगीतच नव्हे.

सगळा घोळ इथे आहे. आपल्याकडे ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवापासून गायन, वादन आणि नृत्य मिळून संगीत. तिकडे ‘मुसिकी’ म्हटलं की आधी साज, म्हणजे वाद्य, डोळ्यांसमोर येतो. बिनसाजाचं धार्मिक गायन त्या शब्दात सहसा मोजतच नाहीत. त्यामुळे बातमीत ‘संगीतबंदी’ वाचताना आपण आपला अर्थ भरतो आणि फसतो. ‘साजबंदी’ म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

बंदी किती खरी होती ते पाहा. १९९६ ते २००१ च्या राजवटीत नाक्यांवर गाड्या तपासून कॅसेटी फोडत, आतली फीत उपसून खांबांना, झाडांना गुंडाळून ठेवत. वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्या तपकिरी फितीच्या झुबक्यांत कुणाकुणाची गाणी होती! तालिबान पुन्हा सत्तेवर आलं त्याच ऑगस्ट २०२१ मध्ये अंदराब खोऱ्यातले लोकगायक फवाद अंदराबी यांना गोळी घालून मारलं. ते घिचक हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजवून गात. जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये गिटार, हार्मोनियम, तबला यांची होळी केली. हार्मोनियम-तबला! काबूलच्या खराबात गल्लीतली कित्येक घराणी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून गेलेल्या दरबारी कलावंतांची. आपल्या सरोदचा पूर्वजही तिथलाच रबाब. हे जळणं मला परक्याचं वाटत नाही.

‘साजबंदी’ हा शब्दही पुरुषांपुरताच बरोबर आहे. ऑगस्ट २०२४ च्या कायद्यानं बाईचा आवाजच झाकण्याची गोष्ट ठरवला. चारचौघांत तिनं गायचं नाही, मोठ्यानं काही म्हणायचंही नाही, मग साज असो वा नसो.

त्यामुळे प्रतिकाराच्याही दोन तऱ्हा झाल्या, आणि त्या एकात एक मिसळणाऱ्यांचा मला राग येतो. वादकाचा साज हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. तो लपवायचा, नाहीतर देश सोडायचा. अहमद सरमस्त यांनी काबूलमध्ये काढलेली राष्ट्रीय संगीत संस्था २०२१ च्या अखेरीस अशीच पोर्तुगालला गेली. मुलं, शिक्षक मिळून अडीचशेहून जास्त माणसं. मुलींचा ‘जोहरा’ वाद्यवृंद याच संस्थेचा. २०१४ मध्ये काबूलच्या एका नाट्यगृहातल्या आत्मघातकी स्फोटात सरमस्त स्वतः जबर जखमी झाले होते, कानांना इजा झाली होती. तरी ते परतले आणि शिकवत राहिले.

गाणारीला पुरावा टाळता येतो. २०२१ मध्ये दोन बहिणी ‘शेवटची मशाल’ या नावानं बुरख्याआडून गाऊ लागल्या. २०२४ चा कायदा आल्यावर तर कितीतरी अफगाण बायकांनी गातानाचे व्हिडिओ टाकले, कुणी चेहरा झाकून, कुणी उघड्या चेहऱ्यानं. त्यांतल्या बऱ्याच जणींजवळ साज नव्हता. नुसता गळा होता, आणि जाळीमागे श्वासानं हलणारं कापड. तालिबानच्या व्याख्येनं तपासलं तर वाद्य नाही, म्हणजे तो तराणाच. फक्त गळा बाईचा.