अ‍ॅझटेक आणि इंका: एकाचा बाजार, दुसऱ्याची कोठारं

इंकांच्या माचू पिच्चूच्या फोटोखाली ‘अ‍ॅझटेक नगरी’ असं लिहिलेलं वाचून फार हसू नये. घोटाळा होण्यासारखीच परिस्थिती आहे. दोन्ही साम्राज्यं अमेरिकेतली, दोन्ही जेमतेम शंभर वर्षं टिकलेली, दोन्ही स्पॅनिशांनी बुडवलेली. टेनोच्टिट्लान, टेश्कोको आणि ट्लाकोपान या तीन शहरांनी १४२८ साली युती केली आणि तिथून अ‍ॅझटेकांचा पसारा वाढला. इंकांचा विस्तार पाचाकुती या राजाच्या काळात, म्हणजे साधारण १४३८ पासून सुरू झाला असं मानतात. टेनोच्टिट्लान १५२१ मध्ये पडलं आणि इंका सम्राट आताउआल्पा नोव्हेंबर १५३२ मध्ये काहामार्काच्या चौकात पकडला गेला. पण एक राज्य आजच्या मेक्सिकोत, तर दुसरं पेरूच्या अँडीज पर्वतात होतं. मध्ये साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. या दोन दरबारांनी एकमेकांचं नाव ऐकलं असल्याचा काहीही पुरावा नाही.

फरक सांगताना लोक नरबळी, पिरॅमिड, सोनं यांच्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते खरा फरक त्याहून साधा आणि रोजच्या जगण्यातला आहे: सामान्य माणसाने राज्याला काय द्यायचं, आणि त्याच्या घरात लागणारी वस्तू यायची कुठून? एवढं लक्षात घेतलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

आधी अ‍ॅझटेक, म्हणजे त्यांच्यातले राजधानीचे मेशिका लोक. टेनोच्टिट्लान तळ्यातल्या बेटावर वसलेलं. लोकसंख्या दीड-दोन लाख असावी असा अंदाज करतात. शेजारच्या ट्लाटेलोल्कोचा बाजार पाहून स्पॅनिश सेनानी कोर्तेसचे सैनिक चक्रावले. तिथे रोज साठ हजार माणसं येतात, असं कोर्तेसने आपल्या राजाला कळवलं. आकडा फुगवलेला असेल, पण बाजाराची रचना चोख होती. प्रत्येक मालाची वेगळी आळी आणि तंटे सोडवायला जागेवरच पंच. मोठ्या व्यवहाराला सुती कापडाचे ठरावीक तागे, किरकोळीला कोकोच्या बिया. स्पॅनिश आल्यानंतरचं, १५४५ सालचं ट्लाश्काला या गावचं एक दरपत्रक शिल्लक आहे. त्यात चांगली टर्की कोंबडी भरदार १०० बियांना, बिया सुरकुतलेल्या असतील तर १२०. टर्कीच्या अंड्याला तीन बिया, एका तमालला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पदार्थाला, एक. चलन झाडावर लागत असलं तरी खोटं नाणं काढणारे होतेच. बीच्या सालीत माती किंवा अ‍ॅव्होकाडोच्या कोयीचा तुकडा भरून ती खऱ्या बियांत मिसळायची, ही लबाडी स्पॅनिश पाद्र्यांनी तपशिलाने नोंदवून ठेवली आहे.

बाजार आला की व्यापारी आला, आणि मेशिका समाजातला सगळ्यात अवघडलेला वर्ग हाच. वर सरदार, खाली कष्टकरी, आणि मध्ये हे पोच्टेका नावाचे लांब पल्ल्याचे व्यापारी. त्यांच्याकडे पैसा होता, मान मात्र जपून घ्यावा लागे. मोहिमेवरून परतताना ते रात्री गावात शिरत, माल दुसऱ्याच्या नावाने नातेवाइकाकडे उतरवत आणि दिवसा साध्या कपड्यांत वावरत. सरदारांच्या डोळ्यांत संपत्ती खुपू नये म्हणून हा खटाटोप. कोणी काय घालावं हेही ठरलेलं होतं. सुती अंगवस्त्र वरच्यांसाठी, सामान्यांनी मागेच्या, म्हणजे घायपातीच्या जातीच्या झाडाच्या, धाग्याचं जाडंभरडं नेसायचं.

सामान्य माणूस राहायचा काल्पुल्लीत. काल्पुल्ली म्हणजे शहरात पेठ, खेड्यात वाडी. जमीन तिच्या नावावर, कसण्याचा हक्क कुटुंबाला. घरातलं वातावरण कसं होतं ते पाहायचं तर कोडेक्स मेंडोसा हे स्पॅनिश विजयानंतर वीसेक वर्षांनी तयार झालेलं चित्रमय हस्तलिखित उघडावं. त्यात मुलांच्या वयाबरोबर वाढत जाणारी भाकरी काढली आहे: तीन वर्षांच्या मुलाला अर्धी मक्याची भाकरी, चार-पाचव्या वर्षी एक, सहा ते बारा दीड, तेराव्या वर्षापासून दोन. मुलगा लाकूडफाटा आणि होडी चालवायला शिकतोय, मुलगी सूत आणि माग. अकराव्या वर्षी ऐकत नसेल तर जळत्या मिरच्यांच्या धुरावर तोंड धरायची शिक्षा. (मिरची आपल्याकडे आली ती मेक्सिकोच्या बाजूची, बटाटा अँडीजचा. बटाटेवड्यात दोघं पहिल्यांदाच भेटले म्हणायचे.) नंतर मुलगा पेठेच्या टेल्पोच्काल्ली या शाळेत जाई. तिथे युद्ध आणि सार्वजनिक कामं शिकवत. सरदारांची मुलं आणि पुढे पुजारी होणारे काल्मेकाकमध्ये. कष्टकऱ्याच्या मुलालाही शाळेत पाठवणारा समाज त्या काळात जगात फारसा कुठे नव्हता.

राज्याचा वाटा मुख्यतः वस्तूंच्या रूपात वसूल होई. जिंकलेल्या प्रांतांनी कापड, कोको, पिसांचे युद्धवेष, जग्वारची कातडी ठरलेल्या मुदतीला पोचवायची. श्रमही द्यावे लागत, पण हिशेबाच्या चित्रवहीत मोजली जाई ती वस्तू. प्रांताचा जुना राजा बहुधा गादीवरच राही. खंडणी आली की झालं. दुष्काळात १४५४ च्या सुमाराला लोकांनी मक्यासाठी स्वतःला आणि पोरांना विकल्याच्या नोंदी आहेत. ही गुलामी वंशपरंपरागत नव्हती, गुलामाचं मूल स्वतंत्र जन्माला येई. तरी मोठ्या दुष्काळात राजाची कोठारं सगळ्यांना पुरत नसत, हेही त्यातून कळतं.

आता हा बाजार पुसून टाका, म्हणजे इंकांचं जग दिसायला लागेल. तिथे नाणं नव्हतं, कोकोसारखं चलन नव्हतं. किरकोळ अदलाबदल चाले आणि उत्तरेला, आजच्या इक्वेडोरकडे, व्यापारीही होते. पण अँडीजच्या मुख्य पट्ट्यात ट्लाटेलोल्कोसारखं काही सापडत नाही. कारण डोंगरात आहे. एकाच दरीत खाली कोकाची पानं, मध्ये मका, वर बटाटा, त्याहून वर लामा या लोकरीच्या जनावरांचं कुरण. प्रत्येक उंचीवर आपली थोडी जमीन आणि आपली माणसं ठेवली की विकत घ्यायला लागतंच काय? ही ‘आपली माणसं’ म्हणजे आय्यू: नात्यागोत्याचा, सामाईक जमिनीचा गट. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या, ही तिथली आयनी. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक ठाऊक असणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

इंका राज्यकर्त्यांनी हीच सावड साम्राज्याएवढी ताणली. इंका हे खरं तर राजधानी कुस्कोतलं राजघराणं आणि त्याच्या भोवतीची माणसं. प्रजा कितीतरी वेगवेगळ्या जमातींची होती. प्रांतातली जमीन तीन वाट्यांत: सूर्यदेवाची, राजाची, आय्यूची. घरातला माल राज्याला द्यायचा नाही. पहिल्या दोन वाट्यांची शेतं कसायची, आणि पाळी आली की मिता करायची, म्हणजे रस्ते, पूल, फौज, खाणी. मोजणीचं एकक लग्न झालेलं जोडपं. दहा, पन्नास, शंभर अशी कुटुंबं बांधत दहा हजारांपर्यंत अधिकाऱ्यांची उतरंड, आणि हिशेब किपूच्या, म्हणजे हिशेबाच्या दोऱ्यांच्या, गाठींत, दशमान पद्धतीने. लिपी नसलेल्या राज्याची खानेसुमारी मेक्सिकोतल्या चित्रलिपीवाल्यांहून काटेकोर होती, याची मला अजूनही गंमत वाटते.

मितावर आलेल्याला खाऊपिऊ घालणं हे राज्याचं काम. त्यात मक्याची दारू, चिचा, आलीच. मेशिकांकडे पुल्के हे पेय म्हाताऱ्यांना माफ आणि इतरांनी भलत्या वेळी झिंगलं तर कडक शिक्षा, सरदाराला तर देहदंडसुद्धा. इंकांकडे मात्र राजाने दारू पाजली नाही तर राजाचंच चुकलं. ही चिचा गाळणाऱ्या आणि तलम कोंपी कापड विणणाऱ्या स्त्रिया म्हणजे आक्या. दहाएक वर्षांच्या असताना गावातून निवडून आणलेल्या, वेगळ्या वाड्यात ठेवलेल्या. त्यांना विचारत कोणी नसे.

उत्पन्न जाई कोठारांत. उआनुको पाम्पा या एका ठाण्यावर पाचशेच्या आसपास कोठारं सापडली, कोचाबाम्बाच्या खोऱ्यात कोतापाची इथे २,४०० च्या घरात. त्या खोऱ्यात मका पिकवायला सम्राट उआयना कापाकने १४,००० माणसं कामाला लावली, त्यांतली बरीचशी दूरच्या प्रांतांतून आणलेली. गावंच्या गावं उचलून दुसरीकडे वसवणं ही या राज्याची नेहमीची रीत.

कोठारातला खास माल म्हणजे चुन्यो. जून-जुलैच्या गोठवणाऱ्या रात्री बारके बटाटे उघड्यावर पसरतात. दिवसा ऊन लागलं की ते मऊ पडतात, मग अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढतात. काही दिवसांत खड्यासारखे हलके, काळपट गोळे उरतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. अँडीजमध्ये आजही चुन्यो असाच करतात.

वर चढायची वाट कुठे होती? मेशिका तरुणाने रणात चार कैदी धरले की कष्टकऱ्याचा पोरही मानाचा पोशाख घाली. सम्राट दुसऱ्या मोक्तेसुमाने पुढे दरबाराची दारं खालच्यांना बंद केली, ते वेगळं. इंकांकडे अशी शिडी अरुंदच. शाळा कुस्कोत, तीही राजघराण्याच्या आणि कुराकांच्या, म्हणजे स्थानिक प्रमुखांच्या, मुलांसाठी. कष्टकऱ्याचं पोर आय्यूत शिकायचं आणि आय्यूतच राहायचं. त्याच्या वाट्याला बाजाराची मोकळीक नव्हती, आणि सहसा उपासमारही नव्हती.

स्पॅनिशांनी दोन्हीकडे तयार यंत्रणा उचलली. मेक्सिकोत खंडणीच्या याद्या नव्याने उतरवून घेतल्या. कोडेक्स मेंडोसातली एक तशीच यादी आज आपल्याला वाचायला मिळते. पेरूत १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने मिता ठेवली, फक्त तिचा रोख पोतोसीच्या चांदीच्या खाणींकडे वळवला. दरवर्षी सुमारे १३,००० माणसं पाळीने तिथे धाडली जात. आता खाऊपिऊ घालायची जबाबदारी कोणावर नव्हती आणि मजुरी नावापुरती होती. ही मिता कायद्याने बंद झाली ती १८१२ साली.