घरगुती व्हॉइस असिस्टंट

घरगुती व्हॉइस असिस्टंट : घरातील माणसांनी बोललेली आज्ञा किंवा प्रश्न ऐकून, त्याचा अर्थ लावून उपकरणे चालू-बंद करणारी, गजर लावणारी, गाणी वाजवणारी आणि उत्तरही आवाजातच देणारी संगणकीय व्यवस्था. ती बहुधा स्मार्ट स्पीकरच्या रूपात घरात येते. मात्र स्पीकर हे तिचे केवळ दिसणारे अंग असून बरेचसे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. मोबाइलमधील आणि घरातील असिस्टंटचे तंत्र पुष्कळसे सारखे असले, तरी दोन बाबतींत घरातला असिस्टंट वेगळा पडतो. तो एका माणसाचा नसून घरातील सर्वांचा असतो, आणि त्यात लहान मुले व पाहुणेही आले. शिवाय त्याला बहुधा स्क्रीन नसतो, त्यामुळे त्याला काय काय सांगता येते हे कोठेही लिहिलेले दिसत नाही. या व्यवस्थेबरोबर राहणाऱ्यांच्या आणि ती घडवणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून निघतात.

इतिहास : बोलणे ओळखणारी यंत्रे प्रयोगशाळेतून घरात येण्यास सहा दशके लागली. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजने १९५२ मध्ये तयार केलेले ‘ऑड्री’ हे यंत्र सुटे उच्चारलेले अंक ओळखत असे, आणि तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेले असे त्याचेच. आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ने १९६२ मध्ये १६ शब्दांपर्यंत मजल मारली. अमेरिकी संरक्षण विभागाच्या अर्थसाहाय्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेली ‘हार्पी’ ही प्रणाली १९७६ मध्ये सुमारे एक हजार शब्द ओळखू लागली. पुढे हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी संभाव्यतेवर आधारलेली प्रारूपे (मॉडेल) आली आणि २०१० नंतर त्यांची जागा हळूहळू असंख्य उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कनी घेतली. ॲपलने २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर ‘सिरी’ ही बोलणे ऐकणारी असिस्टंट दिली, परंतु फोन हातात, तोंडाजवळ असतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, टीव्ही किंवा पंखा चालू असताना बोललेले ऐकणे हा निराळाच प्रश्न होता. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणलेल्या ‘एको’ या स्मार्ट स्पीकरने तो घरोघरी वापरता येईल इतपत सोडवला. ‘गूगल होम’ २०१६ मध्ये आणि ॲपलचा ‘होमपॉड’ २०१८ मध्ये बाजारात आला.

कार्यपद्धती : ‘हॉलमधला दिवा लाव’ एवढ्या साध्या आज्ञेमागे बऱ्याच पायऱ्या असतात. पहिल्या एकोमध्ये सात मायक्रोफोन होते. बोलणाऱ्याचा आवाज त्या प्रत्येकापर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि या फरकावरून तो कोणत्या दिशेने आला हे काढून इतर दिशांचा गोंगाट दाबता येतो. स्पीकर स्वतः गाणे वाजवत असेल, तर आपण काय वाजवत आहोत हे त्याला ठाऊक असल्यामुळे ऐकू आलेल्या आवाजातून तो ते वजा करतो. यानंतरही उपकरण सतत एकच गोष्ट शोधत असते, ती म्हणजे त्याला जागे करणारा ठरावीक शब्द, ज्याला वेक वर्ड म्हणतात. हा शोध घेणारे छोटे प्रारूप उपकरणातच असते. त्याच्याकडे काही सेकंदांचाच आवाज साठलेला असतो आणि नवा आवाज जुन्यावर लिहिला जातो. शब्द सापडला की उपकरणावरचा छोटा दिवा उजळतो आणि तेथून पुढचे बोलणे सर्व्हरकडे जाऊ लागते.

बोलणारा थांबला हे कसे ओळखावे, ही यातील सर्वांत नाजूक पायरी होय. दहा भाषांमधील संभाषणांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर बहुधा सुमारे २०० मिलिसेकंद असते. माणसे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच त्याचा शेवट ताडतात. यंत्राला हे फारसे साधत नाही. ते मुख्यतः शांततेची वाट पाहते आणि ती किती काळाची हे घडवणाऱ्याने ठरवलेले असते. काळ लांबवला तर प्रत्येक उत्तर रेंगाळते. आखडला तर अडखळत, शब्द आठवत बोलणाऱ्या वृद्धांचे किंवा लहान मुलांचे वाक्य मध्येच तोडले जाते. कंपन्यांचा कल बहुधा चटपटीत बोलणाऱ्याच्या बाजूने राहिला आहे, आणि ज्यांना हातांऐवजी आवाजाचा खरा उपयोग त्यांनाच त्याचा जाच अधिक होतो, ही विसंगतीच म्हटली पाहिजे.

पुढे आवाजाचे शब्दांत रूपांतर होते आणि शब्दांतून दोन गोष्टी काढल्या जातात : बोलणाऱ्याचा हेतू (दिवा लावणे) आणि त्या हेतूला लागणारा तपशील (कोणता दिवा). मग आज्ञा दिव्याकडे जाते आणि दिवा लागल्याचे उत्तर आवाजात घडवून ऐकवले जाते. दिवा व बोलणारा एकाच खोलीत असूनही सर्व्हरवर चालणाऱ्या व्यवस्थेत आज्ञा शेकडो किलोमीटर जाऊन परत येते. इंटरनेट बंद पडले तर ती जातच नाही.

घरातील वापर : असिस्टंटच्या जाहिराती काहीही सांगोत, घरात रुळल्यावर त्याचे काम बहुधा टायमर, गाणी, दिवे, हवामान आणि आठवणी एवढ्यावर येऊन स्थिरावते. याचा दोष वापरणाऱ्याकडे नाही. पडद्यावर मेनू दिसतो, बटणे दिसतात. बोलण्याला असा काही आधार नसल्यामुळे माणूस जे एकदा जमले तेच पुन्हा म्हणतो आणि दोनदा फसलेल्या आज्ञेच्या वाटेला जात नाही. मात्र या थोड्या कामांतही त्याची उपयुक्तता खरी आहे. हात ओले किंवा पिठाने माखलेले असताना ‘दहा मिनिटांचा टायमर लाव’ म्हणणे हे फोन शोधण्यापेक्षा निःसंशय सोपे असते. दृष्टिहीनांना आणि ज्यांना उठणे किंवा हात हलवणे कठीण आहे अशांना दिवा, पंखा किंवा फोन स्वतःच्या ताब्यात असणे ही तर चैन नसून गरजेची गोष्ट ठरते.

कुरबुरींचे मूळ पुष्कळदा भिंतीवरील स्विचमध्ये सापडते. स्मार्ट बल्बमधील बिनतारी आज्ञा घेणारा रेडिओ बल्बच्याच तारेवरील विजेवर चालतो. कोणी सवयीने भिंतीवरचा स्विच बंद केला की बल्बबरोबर रेडिओही बंद पडतो आणि मग असिस्टंटला किती हाका मारल्या तरी उपकरण प्रतिसाद देत नसल्याचेच उत्तर मिळते. स्विचवर चिकटपट्टी लावणे हा त्यावरचा रूढ पण वाईट उपाय आहे, कारण पाहुण्याला अंधारात स्विचच आठवतो. स्विचबोर्डमागे स्मार्ट रिले (बिनतारी आज्ञेवर वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) बसवून साधा बल्ब ठेवला, तर स्विच आणि आवाज दोन्ही चालतात. मात्र अशा अनेक रिलेंना बोर्डात न्यूट्रलची तार लागते आणि जुन्या वायरिंगमध्ये ती पुष्कळदा नसते.

दुसरी कुरबुर नावांची. ‘दिवा’, ‘मोठा दिवा’ आणि ‘हॉलचा दिवा’ अशी तीन उपकरणे एका घरात असली, तर यंत्राने नेमके काय लावावे हा प्रश्न उरतो. ऐकायला एकमेकांपासून दूर असलेली दोन-तीन अक्षरी नावे ठेवणे आणि उपकरणे खोलीनिहाय गटांत टाकणे या उपायांनी निम्मा त्रास वाचतो. परंतु नावे ज्याने ठेवली त्यालाच ती आठवतात आणि घरातील बाकीच्यांना त्याला विचारावे लागते. एकाने बसवलेली व्यवस्था सर्वांना वापरावी लागते, हा या विषयातील सर्वांत कमी बोलला गेलेला प्रश्न आहे.

खासगीपणा व सुरक्षितता : वेक वर्ड नसताना, किंवा तो घरातल्या कोणी उच्चारलेला नसताना, यंत्र जागे होणे पूर्णपणे टाळता आलेले नाही. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने गूगल होमला जागे करणारे शब्द मुद्दाम जाहिरातीत घातले आणि प्रेक्षकांच्या घरांतील स्पीकर टीव्हीच्या आवाजाला उत्तर देऊ लागले. २०१९ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्याकडील ध्वनिमुद्रणांपैकी काही प्रत्यक्ष माणसांकडून ऐकली जातात हे उघड झाले. ओळख सुधारण्यासाठी ते आवश्यक असल्याचे समर्थन झाले तरी वापरणाऱ्यांना त्याची नीट कल्पना दिलेली नव्हती. मुलांची ध्वनिमुद्रणे राखून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत २.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. संशोधकांनी २०१७ मध्ये माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीने आणि २०१९ मध्ये मायक्रोफोनवर लेझर टाकून आज्ञा देऊन दाखवल्या. घरात याहून साधा धोका म्हणजे खिडकीबाहेरून कोणी मोठ्याने दिलेली आज्ञा; म्हणूनच कुलपे उघडण्यासाठी पिन विचारण्याची सोय असते. माइक बंद करण्याचे बटण सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता मायक्रोफोनचा वीजपुरवठाच तोडणारे असले, तर त्यावर भरवसा ठेवणे सोपे जाते.

असिस्टंटसाठी घडवणे : ॲमेझॉनने जून २०१५ मध्ये एकोमधील आपल्या ‘अलेक्सा’ या असिस्टंटसाठी ‘अलेक्सा स्किल्स किट’ खुले केले आणि बाहेरच्या प्रोग्रॅमरना असिस्टंटला नवी कामे शिकवता येऊ लागली. अशा कामाला, म्हणजे स्किलला, हाक मारण्याचे नाव द्यावे लागते. त्यातील हेतू ठरवावे लागतात आणि प्रत्येक हेतू माणसे कोणकोणत्या वाक्यांनी व्यक्त करतील याचे नमुने पुरवावे लागतात. अलेक्साच्या बाबतीत उत्तर आठ सेकंदांत द्यावे लागते. उच्चार, विराम आणि जोर नियंत्रित करण्यासाठी एसएसएमएल ही खूणभाषा वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००४ मध्ये प्रमाणित केली.

कोड लिहिणे हा त्यातील सोपा भाग असतो. डोळा यादीवरून झरझर फिरतो, पण कानाला ती क्रमाने ऐकावीच लागते. म्हणून एका वेळी तीनपेक्षा अधिक पर्याय ऐकवले की पहिला विसरला जातो. दिवा लागलेला दिसत असताना ‘दिवा लावला आहे’ असे सांगणेही अनावश्यक असते, बारीक टिंग पुरते. खरी कसोटी चुकल्यावर लागते. ‘मला समजले नाही’ हेच वाक्य तीनदा ऐकवण्यापेक्षा ‘कोणत्या खोलीतला?’ एवढेच विचारले, तर समजलेला भाग वाया जात नाही. स्वतःच्या मेजावर, शांत खोलीत, स्वतःच लिहिलेली वाक्ये बोलून केलेली चाचणी फारशी उपयोगाची नसते. ज्याने नमुने पाहिलेले नाहीत अशा माणसाला काय हवे ते सांगून ‘आता बोला’ म्हटले, की राहून गेलेली वाक्ये लगेच बाहेर येतात.

मराठीसारख्या भाषेत आणखी काम वाढते. ‘स्वयंपाकघर’ हे खोलीचे नाव नोंदवले, तरी बोलणारा ‘स्वयंपाकघरातला’, ‘स्वयंपाकघराचा’ किंवा ‘स्वयंपाकघरात’ असे म्हणतो. प्रत्यय आणि सामान्यरूप ओळखून मूळ नावापर्यंत जावे लागते. क्रियापदात ‘लाव’ आणि ‘लावा’ दोन्ही हवेत, कारण यंत्राशी अरेतुरे करावे की अहोजाहो याबद्दल घराघरांत एकमत नसते. असिस्टंटने ‘मी दिवा लावते’ म्हणावे की ‘लावतो’, हा निर्णय तर टाळता येत नाही. असिस्टंटना सर्रास स्त्रीचा आवाज देण्यावर युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालात टीका झाली. मराठीत ‘दिवा लावला आहे’ अशी रचना केली, तर क्रियापद दिव्याचे लिंग घेते आणि निदान व्याकरणापुरता प्रश्न मिटतो. बोलण्याची लकब आणि ओळखीची अचूकता यांचा संबंधही मोठा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात सरासरी १०० शब्दांमागे ३५, तर श्वेतवर्णीयांच्या बोलण्यात १९ चुका केल्या. मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये लोकांनी स्वेच्छेने दिलेले आवाज खुलेपणाने उपलब्ध आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

घरातल्या घरात चालणारे असिस्टंट : दुसऱ्याच्या व्यवस्थेवर बांधण्याचा धोका २०२३ मध्ये ठळक झाला. गूगलने जूनमध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी घडवलेल्या ‘कॉन्व्हर्सेशनल ॲक्शन्स’ बंद केल्या आणि वर्षानुवर्षांचे काम एका दिवसात निकामी झाले. त्याच वर्षी ‘होम असिस्टंट’ या २०१३ पासून चालत आलेल्या मुक्त प्रकल्पाने आवाजावर भर दिला. त्यात ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ बोलणे ओळखण्यासाठी आणि ‘पायपर’ बोलण्यासाठी वापरून, एकही शब्द घराबाहेर न पाठवता दिवे चालवता येतात. त्यासाठी बऱ्यापैकी ताकदीचा संगणक सतत चालू ठेवावा लागतो आणि स्वस्त मायक्रोफोनवर दूरचे बोलणे कंपन्यांच्या स्पीकरइतके नीट ऐकू येत नाही, ही त्याची किंमत. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकच भाषा बोलावी यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकामुळे उपकरणांशी घरच्या नेटवर्कवरूनच बोलता येते आणि अशा मांडणीला बळ मिळते.

प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेल्या मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे ठरावीक वाक्यांची अट सैल होत आहे. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेला ‘अलेक्सा प्लस’ त्याच दिशेचा आहे. ‘इथे फार अंधार आहे’ यातून दिवा लावायचा आहे हे ही प्रारूपे ओळखतात. उलट एकाच वाक्याला ती दर वेळी तेच उत्तर देतील याची खात्री नसते आणि त्यांना वेळही अधिक लागतो. त्यामुळे घडवणारे पुष्कळदा ‘दिवा लाव’सारखी ओळखीची वाक्ये आधी ठरावीक नियमांनीच निकालात काढतात, तेथे न जुळलेलेच वाक्य प्रारूपाकडे पाठवतात आणि कुलूप, गॅस किंवा गिझर यांसारखी उपकरणे त्याच्या हाती देतच नाहीत.