तापमानाच्या डब्यावर नंबर कसा लावायचा
(कुपवाड, सांगली : कोल्ड स्टोरेजच्या ग्राहकांसाठी)

आमचा डबा उघडलात की आत आठ बारीक खटक्यांची पट्टी दिसेल. तिला डिप स्विच म्हणतात. डब्याचा नंबर त्याच खटक्यांवर लावायचा. ऑफिसातलं मशीन एकाच वायरवरून सगळ्या डब्यांना नंबरानं हाक मारतं आणि ज्याचा नंबर, तोच डबा तापमान सांगतो. दोघांना एकच नंबर पडला तर दोघं एकदम बोलतात, आणि मशीनला एकाचंही कळत नाही.

खटक्यावर ३७ असं लिहिता येत नाही. खटका एक तर चालू, नाही तर बंद. म्हणून आपला दशमान आकडा द्विमान करावा लागतो. शब्द अवघड वाटला तरी हिशेब आपल्या घरातलाच आहे. धान्याची जुनी मापं आठवा : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपट्यात मोजलं तर १, २, ४, ८, १६. तेरा चिपटी ज्वारी द्यायची असेल तर तेरा वेळा चिपटं भरत बसायचं नाही. एक अधोली, एक शेर, एक चिपटं, झाले तेरा. मापट्याला हात लावावा लागला नाही. प्रत्येक माप एकदा घ्यायचं किंवा घ्यायचंच नाही, एवढ्यावर हवा तो आकडा बसतो. खटक्यांचंही तेच. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, पुढे ४, ८, १६, ३२, ६४ आणि आठव्याची १२८.

आता ३७ घ्या. त्यातून ३२ गेले, राहिले ५. त्यातून ४ गेले, राहिला १. म्हणजे सहावा, तिसरा आणि पहिला खटका चालू, बाकीचे बंद. तोंडी जमत नसेल तर निम्मं करत जा :

३७ चे निम्मे १८, उरला १
१८ चे ९, उरला ०
९ चे ४, उरला १
४ चे २, उरला ०
२ चा १, उरला ०
१ चा ०, उरला १

उरलेले आकडे वरून खाली जसे आले, तसेच पहिल्या खटक्यापासून लावत जा. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद.

इथे एक गोष्ट नीट बघा. शाळेच्या वहीत हेच उत्तर खालून वर वाचून १००१०१ असं लिहितात, आणि ते बरोबरच आहे, कारण कागदावर एकक उजवीकडे असतो. आमच्या पट्टीवर पहिला खटका डावीकडे आहे. मागच्या बेदाण्याच्या हंगामात तासगाव भागात आमच्याच मुलानं कागदावरचा आकडा डावीकडून जसाच्या तसा लावला. चालू झाले पहिला, चौथा आणि सहावा : १, ८ आणि ३२, म्हणजे ४१. त्या नंबरचा डबा तिथे आधीच होता. दोन्ही डब्यांचं तापमान स्क्रीनवरून गेलं आणि रात्रभर माणसांना थर्मामीटर घेऊन खोलीत ये-जा करावी लागली. माल वाचला. पण हिरवा बेदाणा एकदा काळवंडला की तो भाव पुन्हा मिळत नाही, म्हणून हे पत्रक काढलं.

नंबर १ ते २४७ मधलाच ठेवा. आठही खटके चालू केले तर २५५ होतात, पण आमचे डबे मॉडबसवर (मशीन आणि डबे एकमेकांशी बोलतात ती ठरलेली पद्धत) चालतात आणि त्यात २४७ च्या वरचे नंबर राखीव आहेत. ० ही सगळ्या डब्यांना एकदम दिलेली हाक, तो कुठल्याच डब्याला लावू नका.

खटके हलवण्याआधी डब्याची वीज बंद करा. डबा आपला नंबर वीज आल्यावर एकदाच वाचतो, मधे बदललेला त्याला कळत नाही. पातळ स्क्रू ड्रायव्हर वापरा, पेन्सिल नको, शिशाची भुकटी आत बसते. मग चालू खटक्यांच्या किमतींची बेरीज करून पाहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर मार्करनं लिहून ठेवा.

तरीही शंका राहिली तर झाकण लावण्याआधी पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. बेरीज करून लगेच कळवतो. हंगामात रात्रीही फोन उचलतो.