माप नंतर, जागा आधी : सिलिकोनची रिंग, वायसर, पाइप घेणाऱ्या ग्राहकांसाठी

सिलिकोन रबराच्या रिंगा बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात बहुतेक ऑर्डर एकाच वाक्यात येते. "आठ इंची रिंग, सिलिकॉनची, लाल. कधी मिळेल?" आणि आम्हीही इतकी वर्षं तेवढंच लिहून घेत होतो : माप, रंग, नग. आता मात्र आम्ही आधी दोन-चार प्रश्न विचारतो, आणि काही जुन्या ग्राहकांना ती उगाचची उलटतपासणी वाटते. "पूर्वी तर देत होतात की मुकाट्यानं," असं एकांनी ऐकवलंही. त्यांचं बरोबर आहे, देत होतो. मग आताच काय झालं, ते एकदा कागदावर मांडलेलं बरं.

गेल्या वर्षी सिलिकोन पॉलिमरचं रसायनशास्त्र आणि तंत्रज्ञान या विषयावरच्या एका आंतरराष्ट्रीय कार्यशाळेला आमच्यातला धाकटा भाऊ बसला. ऑनलाइनच. फी परवडली, विमान परवडलं नसतं. युरोपात सकाळचे नऊ म्हणजे इथे सांगलीजवळ, आमच्या कुपवाड एमआयडीसीत, दुपारचे साडेबारा. पलीकडे रबर साच्यात दाबून तापवणारा प्रेस धडधडतोय, अलीकडे कानात हेडफोन घालून हा वहीत लिहितोय. पहिल्या दिवशी निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट त्याच्या लगेच लक्षात आली. कुणी आपल्या नव्या रबराचं कितीही कौतुक करो, व्याख्यान संपलं की समोरून कुणीतरी विचारायचंच : हे उघड्या हवेत तपासलंत की बंद भांड्यात? कोरड्यात की वाफेत? कशाला चिकटून होतं? सोन्याचा भाव विचारावा इतक्या सहजपणे तिथे सगळे जागा विचारत होते. आम्ही वीस वर्षांत ग्राहकाला हा प्रश्न क्वचितच विचारला होता.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत आपण दोन वेगळ्या वस्तूंना 'सिलिकॉन' म्हणतो. एक मोबाइलच्या चिपमधलं मूलद्रव्य, दुसरं कुकरच्या रिंगेचं रबर. या पत्रकात मूलद्रव्याला सिलिकॉन आणि रबराला सिलिकोन म्हटलं आहे. गंमत अशी की रबराचं हे नावच मुळात गैरसमजातून आलं. नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी १९०१ मध्ये आपल्या एका संयुगाचं सूत्र कीटोनसारखं (ॲसिटोन ज्या जातीचा, तसं) दिसतं म्हणून त्याला 'सिलिकोन' म्हटलं. प्रत्यक्षात त्याची रचना कीटोनसारखी नव्हतीच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. किपिंगना मिळालेले चिकट गोळे त्यांच्या दृष्टीनं बिघडलेला प्रयोग होता, आणि १९३७ मध्येसुद्धा या विषयातून लवकर काही मोठं निघेल अशी आशा त्यांना वाटत नव्हती. तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकेत यूजीन रोचो यांनी आणि त्याच सुमारास जर्मनीत स्वतंत्रपणे रिचर्ड म्युलर यांनी सिलिकॉनच्या भुकटीवरून, तांब्याच्या साक्षीनं, सुमारे ३०० अंशांना मिथाइल क्लोराइड वायू सोडून कच्चा माल काढण्याची रीत शोधली. आजही जगातलं बहुतेक सगळं सिलिकोन याच वाटेनं येतं. गारगोटी भट्टीत घालून सिलिकॉन, सिलिकॉनपासून क्लोरोसायलेन (सिलिकॉनला क्लोरीन जोडलेलं संयुग), त्याला पाणी दिलं की साखळ्या आणि कड्या, आणि शेवटी आमच्या दारात येतो तो कणकेच्या गोळ्यासारखा कंपाउंड.

साध्या रबराच्या साखळीचा कणा कार्बनला कार्बन जोडून झालेला असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन, ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन असा. कार्बन-कार्बन बंध तोडायला प्रतिमोल सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, सिलिकॉन-ऑक्सिजनला सुमारे ४५०. उष्णतेला सिलिकोन दाद देत नाही ते म्हणून. त्यात ही साखळी फार सैल, चटकन वळणारी. उणे १०० अंशांच्याही खूप खाली गेल्यावरच ती काचेसारखी ताठ होते. त्यामुळे आइस्क्रीमच्या कारखान्यात आणि बेकरीच्या ओव्हनवर एकाच जातीची रिंग चालते. उणे ५० ते अधिक २०० अंश, असं सगळे कॅटलॉग सांगतात, आम्हीही सांगत होतो.

या '२००' आकड्यानंच आम्हाला एकदा तोंडघशी पाडलं. एका कारखान्यातून वाफेच्या लाइनीसाठी गास्केट (दोन पाइपांच्या सांध्यात बसणारी चकती) मागितलं. ७ किलो प्रेशरची वाफ म्हणजे साधारण १७० अंश. आम्ही हिशेब केला : १७० म्हणजे २०० च्या आत, द्या. तीन आठवड्यांत ते गास्केट परत आलं, कागदात गुंडाळून. कागद सोलता येईना. कडा ठीक होती, पण आतली बाजू चघळून थुंकलेल्या च्युइंगगमसारखी. बोट लावलं तर तार निघत होती. आम्ही कंपाउंड देणाऱ्याला दोष दिला, त्यानं आमच्या क्युअरिंगला (रबर तापवून घट्ट करण्याला) दिला, आणि शेवटी ग्राहकाला पैसे परत केले. खरं कारण कळलं ते या कार्यशाळेतल्या एका साध्या आकृतीवरून. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध उष्णतेला दणकट असला तरी पाण्यापुढे हळवा. दाबाखालची गरम वाफ आत शिरते आणि साखळी मधूनच कापते. तेजाब किंवा कॉस्टिक सोडा सोबत असेल तर अजून लवकर. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की रबराचा पुन्हा गोंद होतो. म्हणजे १७० अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये जी रिंग वर्षानुवर्षं काढते, तीच १७० अंशांच्या वाफेत महिनाभर टिकत नाही. तापमान एकच, जागा वेगळी.

तेव्हा घरचा कुकर (सुमारे १२० अंश), डोसा-इडलीचे स्टीमर, इथवर सिलिकोन खुशाल घ्या. मिरजेच्या दवाखान्यांतले ऑटोक्लेव्हही (वाफेनं निर्जंतुक करायची भांडी) चालतील, पण तिथली रिंग ठरावीक मुदतीनं बदला, ती चिकट व्हायची वाट पाहू नका. बॉयलरच्या लाइनीवर मात्र आम्ही सिलिकोन देणार नाही, तुम्ही मागितलं तरी. तिथे ग्राफाइट किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) गास्केट लागतं. ते आम्ही बनवत नाही, पण कुठे मिळेल ते सांगू. डेअरीत रोज गरम कॉस्टिकनं लाइन धुतली जात असेल तर पुष्कळ सांध्यांवर ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर सिलिकोनपेक्षा जास्त टिकतं आणि स्वस्तही पडतं. पेट्रोल, डिझेल, थिनर यांच्याजवळ साधं सिलिकोन नेऊच नका. फुगून दीडपट होतं.

दुसरी चूक पेढ्याची. साताऱ्याकडच्या एका मिठाईवाल्यांना खव्याच्या कढईच्या झाकणासाठी पांढरी रिंग दिली होती. दिवाळीची घाई, ओव्हन भरलेला, म्हणून प्रेसमधून निघालेला माल तसाच पाठवला. चौथ्या दिवशी फोन : "तुमच्या रिंगेचा वास पेढ्याला लागतोय." त्यांनी पाठवलेला पेढा आम्ही इथे खाल्ला. चव कंदी पेढ्याचीच, पण घास गिळला की मागून नेलपॉलिशसारखा काहीतरी वास. तो वास पेरॉक्साइडचा. साध्या सिलिकोनला घट्ट करायला पेरॉक्साइड मिसळतात. प्रेसच्या उष्णतेत ते फुटतं, साखळ्या एकमेकींना बांधतं आणि स्वतःचे अवशेष रबरात सोडून जातं. नळ्यांवर कधी पांढरी भुकटी येते, ती अशाच अवशेषांची. हे सगळं घालवायचं तर माल २०० अंशांना ४ तास, ताजी हवा खेळत्या ओव्हनमध्ये ठेवावा लागतो. याला पोस्ट-क्युअर म्हणतात. वीज खाते, दिवस खातो, आणि डोळ्यांना फरक काहीच दिसत नाही. म्हणून बाजारात सगळ्यात आधी काट मारली जाते ती इथेच. आम्हीही त्या दिवाळीत मारली होती.

जर्मनीत खाद्यपदार्थांना लागणाऱ्या सिलिकोनसाठी याचं मोजमाप ठरलेलं आहे : २०० अंशांना ४ तास ठेवल्यावर वजनात ०.५ टक्क्याहून जास्त घट येता कामा नये. हे कुणालाही तपासता येतं. सराफाचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. दहा ग्रॅमचा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये ठेवा, थंड झाल्यावर पुन्हा वजन करा. ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेले तर ती रिंग खाण्याच्या भांड्याला लावू नका, मग ती आमची असली तरी. हा काटा आता आमच्या टेबलावर आहे. समोर बसून तपासून घ्यायचं असेल तर सकाळी या, चार तास लागतात. जेवणाचा डबा आणलात तर उत्तम.

दूध, औषध, लहान मुलांच्या वस्तू यांसाठी प्लॅटिनमनं घट्ट होणारा कंपाउंड येतो. यात पेरॉक्साइड नाही, म्हणून त्याचे अवशेषही नाहीत. प्लॅटिनम लागतं अगदी कणभर, दहा लाख भागांत काही भाग, पण भाव प्लॅटिनमचा, आणि माल महाग पडतो. शिवाय ते फार मानी. गंधक, अमाइन, कथिलाची संयुगं यांपैकी काहीही जवळ आलं की रुसतं आणि रबर ओलंच राहतं. साध्या लॅटेक्सच्या हातमोज्यांतला गंधकही पुरतो. आमच्याकडे एकदा सलग दोन दिवस एकाच प्रेसवरचा माल वरून चिकट निघत होता. साचा धुतला, कंपाउंड बदलला, काही उपयोग नाही. तो प्रेस चालवणारा मुलगा तासगावकडचा. घरची द्राक्षबाग, आणि भुरीसाठी पहाटे गंधक धुरळून तो थेट कामावर येत होता. शर्टाच्या बाह्या पिवळट. दुसऱ्याला प्रेसवर बसवलं, माल सुधारला. पुराव्यानिशी सिद्ध झालंय असं म्हणणार नाही, पण त्या खोलीत आता शर्ट बदलून जायचं, हा नियम आहे. जे ग्राहक आमच्याकडून प्लॅटिनमचं ओतायचं सिलिकोन नेऊन घरी साबणाचे किंवा चॉकलेटचे साचे करतात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. साचा चिकट राहिला तर आधी हातमोजे बघा.

माल सिलिकोनच आहे का, हे ओळखायची सोपी खूण : नखाएवढी चकती कापून, दाराबाहेर, चिमट्यात धरून पेटवा. धूर पांढरा आणि मागे पांढरी राख उरली तर सिलिकोन. ती राख म्हणजे वाळूचीच जात. काळा धूर, काजळी, ठिबकणारे थेंब, तर दुसरं काहीतरी. मोबाइलवर फिरतो तो पिळून बघायचा उपाय, म्हणजे पीळ दिल्यावर पांढरं पडलं की भेसळ, त्यावर आमचा विश्वास नाही. भर तर प्रत्येक सिलिकोनमध्ये असतेच. नुसता गोंद हातानंही तुटतो. त्यात अतिबारीक सिलिका मळली की मगच ताकद येते. खडूची पूड किती घातली, हा प्रश्न वेगळा, आणि तो पिळून सुटत नाही.

ज्यांचा माल युरोपात जातो त्यांच्यासाठी एवढंच : डी-फोर, डी-फाइव्ह, डी-सिक्स या छोट्या सिलिकोन कड्या २०१८ पासून तिथल्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहेत. तुमचा खरेदीदार त्याचा कागद मागेल. पोस्ट-क्युअरमध्ये त्या बऱ्याच उडून जातात, पण कागद हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर नाही.

जुन्या रिंगांचं काय, हेही विचारलं जातं. भंगारवाला सिलिकोन घेत नाही, कारण एकदा घट्ट झालं की ते वितळत नाही. कार्यशाळेत यावर बरीच चर्चा झाली. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या लियोंच्या संशोधकांनी गॅलियमच्या मदतीनं जुन्या सिलिकोनचे परत क्लोरोसायलेन करून दाखवले, म्हणजे गाडी उलटी फिरवून जवळपास सुरुवातीच्या स्टेशनावर आणली. कुपवाडला ते यायला वेळ आहे. तोवर आमच्या कडेच्या कातरणांची पोती शेडमागे साठताहेत आणि आम्ही रोज त्यांच्याकडे बघतोय.

आता प्रश्नांकडे. रिंग कुठे बसणार, तिथे कोरडी उष्णता आहे की वाफ, तिला काय लागणार (दूध, तेल, तेजाब, हळद, काहीही), कशानं धुणार आणि दिवसातून किती वेळा उघडझाप होणार. एवढं फोनवर सांगितलंत तरी चालेल. हळदवाल्यांना आधीच सांगून ठेवतो, पांढरी रिंग पिवळी होणारच. रंग आत मुरतो, रबराला काही होत नाही. लाल घ्या.

आणि जुनी रिंग असेल तर घेऊन या, तुटकी असली तरी. फक्त धुऊन आणू नका. पुष्कळजण चांगली साबणानं घासून, पुसून आणतात आणि आम्हाला वाचायचं असतं तेच धुतलं जातं. गोल रिंग चपटी झाली असेल तर ती दाबात बसली, एकाच बाजूला चिकट असेल तर वाफ तिकडून येते, बाहेरच्या कडेला भेगा असतील तर ती ताणून बसवली. साखर कारखान्याच्या एका फिटरनं परवा मळीसकट रिंग आणली, पेपरात बांधून, आणि टेबल खराब झालं म्हणून दहा वेळा माफी मागितली. त्या रिंगेवरून दहा मिनिटांत कारण सापडलं. टेबल आम्ही पुसून घेतो.